भिंती गप्प झाल्या त्याची गोष्ट

गिरणी संपाला चाळीस वर्षं झाली त्याच साली, २०२२च्या डिसेंबरात, जी-२०च्या पाहुण्यांसाठी मुंबईच्या भिंती रंगल्या. फुलं, पाखरं, हसरी मुलं. संपाबद्दल एक अक्षर मला तरी कुठे दिसलं नाही. ते सलतंय, म्हणून हे लिहितोय.

सत्तरच्या दशकावर थोरल्यांनी भरपूर लिहिलंय. मी पाहिलं ते ऐंशीचं लालबाग-परळ. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि रातोरात भिंती बोलू लागल्या. पोरं चुन्याचा हात मारून जायची, मागून पेंटर यायचा. दोघं दोन टोकांना निळीत भिजवलेली सुतळी ताणून धरायचे, मधोमध उचलून सोडली की फटकन सरळ रेघ उमटायची. त्या रेघेला लटकून गेरूची हातभर अक्षरं उतरायची: ‘बी.आय.आर. कायदा रद्द करा’. (बी.आय.आर. म्हणजे बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स.) घाईतसुद्धा ‘द्द’चं पोट बिघडत नसे. ही कला नाही म्हणणाऱ्यानं एकदा तशी रेघ मारून दाखवावी.

आणि दादागिरी? ती होतीच. घरमालकाला विचारतंय कोण! निवडणुकीच्या कितीतरी आधी पक्ष भिंती अडवून ठेवायचे, त्यावरून डोकी फुटायची. उगाच सोवळं नेसवायला नको.

पुढची वर्षं भरभर उलटतो. मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून शेषन आले, निवडणुकीच्या भिंती आवरल्या. १९९५मध्ये राज्यात मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध कायदा झाला. मग फ्लेक्स आला आणि पेंटर घरी बसला. साहेबांच्या वाढदिवसाचे फलक चौकाचौकात लागले. उच्च न्यायालय कितीदा कडाडलं, तरी फलक उतरतो आणि आठवड्यात पुन्हा चढतो. याला विद्रूपीकरण म्हणायला मात्र सगळ्यांची जीभ अडखळते.

२००९च्या ऑगस्टमध्ये तुळशी पाइप रस्त्यालगतची रेल्वेची लांबलचक भिंत पालिकेच्या संमतीनं नागरिकांनी रंगवली. उत्साह खरा होता, काही चित्रं फर्मास होती. पण अट होती: राजकीय नको, धार्मिक नको. धार्मिकाचं एक वेळ समजू शकतो. पण राजकीय वगळलं तर भांडणाऱ्या माणसाला त्या भिंतीवर उरतं काय? वांद्र्याच्या चॅपल रोडवर चित्रकार रणजित दहियांनी रंगवलेली सिनेमातली अनारकली मला मनापासून आवडते. तिथे हात कलावंताचा आहे. सुशोभीकरणाच्या टेंडरातल्या फुलपाखरांत तो शोधूनही सापडत नाही.

कला की विद्रूपीकरण, हा निवाडा आपल्याकडे रंग बघून होतच नाही, हुकूम कुणाचा ते बघून होतो. मालकाला न विचारता भिंत रंगवणं गुन्हा आहे, कबूल. मग तोच कायदा फ्लेक्सवाल्यांना लावा, आणि पालिकेनं पुढचं टेंडर काढताना लालबागेतली आपली एक तरी भिंत अटी न घालता मोकळी सोडावी.