बटाटे सोलायला लागतो तेवढा वेळ

स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून एक स्त्री बटाटे सोलते आहे. कॅमेरा समोर स्थिर उभा आहे. संगीत नाही, संवाद नाही. एरवीच्या चित्रपटात असे दृश्य पाच-दहा सेकंदांत आटोपले असते. 'जान दिएलमान, २३, के द्यु कॉमर्स, १०८० ब्रसेल्स' या १९७५ सालच्या चित्रपटात मात्र बटाटे सोलायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ पडद्यावरही जातो.

बेल्जियमच्या दिग्दर्शिका शांताल अकरमान यांनी हा चित्रपट केला, तेव्हा त्यांना २५ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. लहानपणी घरातल्या बायकांच्या पाहिलेल्या हालचाली त्यांनी यात उतरवल्या. चित्रपटाची लांबी २०१ मिनिटे आणि कथानक अवघ्या तीन दिवसांचे. जान ही विधवा. शाळकरी मुलाचे बूट पुसणे, अंथरुणे आवरणे, बाजारहाट, स्वयंपाक हा तिचा दिनक्रम. दुपारी बटाटे शिजत असताना तिच्याकडे एक गिऱ्हाईक येते. देहविक्रयाचे पैसे ती सूपच्या भांड्यात ठेवते आणि पुन्हा कामाला लागते.

चित्रपटाचे वेगळेपण इथेच आहे. पडद्यावर सहसा शयनगृह दिसते आणि भांडी घासणे वगळले जाते. इथे पहिले दोन दिवस शयनगृहाचे दार प्रेक्षकासाठी बंद राहते. घरकाम मात्र तपशीलवार दिसते. त्यामुळे प्रेक्षकालाही तिची शिस्त अंगवळणी पडते. म्हणूनच दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात, तेव्हा ती क्षुल्लक चूक अनर्थाची चाहूल वाटते. पुढे भांड्यावर झाकण ठेवायचे राहते, ब्रश हातातून निसटतो, कॉफी बिघडते. घडी एकदा विस्कटली की बसत नाही. तिसऱ्या दिवसाचा शेवट हिंसक आहे, पण त्याची बीजे या साध्या चुकांत दिसतात.

जानची भूमिका देल्फिन सेरिग या नामवंत अभिनेत्रीने केली. चेहऱ्यावर भावनांचे प्रदर्शन न करता, केवळ हातांच्या गतीतून आणि पावलांच्या आवाजातून तिने मनाची पडझड दाखवली. बाबेत मांगोल्त यांच्या छायाचित्रणात पात्राच्या चेहऱ्याजवळ जाण्याचा मोह कटाक्षाने टाळलेला आहे.

ब्रिटनचे 'साइट अँड साउंड' हे नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेते. २०२२ मध्ये त्यात हा चित्रपट पहिला आला. एका स्त्रीने दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाला तिथे हा मान प्रथमच मिळाला. तो पाहायला अकरमान हयात नव्हत्या. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

'यात काहीच घडत नाही' ही या चित्रपटाविषयीची जुनी तक्रार आहे. घरकामाविषयीही आपण नेमके हेच म्हणत आलो आहोत. ते घडते, रोज घडते, आणि त्याला वेळ लागतो. हा वेळ कापून न टाकणे, एवढेच अकरमान यांनी केले.