बदलते वेब, टिकणारे संकेत

छापील पुस्तक आणि संकेतस्थळ यांच्यात एक मूलभूत भेद आहे. पुस्तक छापून झाले की त्याचा आकार, अक्षरांचे वळण आणि पानाची मांडणी कायमची ठरते. संकेतस्थळाचे पान मात्र प्रत्येक वाचकाच्या यंत्रावर, तो ते उघडेल त्या क्षणी, नव्याने जुळवले जाते. हे जुळारीपण ब्राउझर करतो, म्हणजे क्रोम, फायरफॉक्स किंवा सफारी यांसारखी आज्ञावली; संकेतस्थळ घडवणारा तिला केवळ सूचना पाठवतो. ब्राउझर सतत सुधारत असतात, वाचकांच्या हातातली यंत्रेही बदलत असतात, आणि म्हणून संकेतस्थळे रचण्याच्या पद्धती एका जागी थांबत नाहीत. या क्षेत्रात काम करणाऱ्याने अद्ययावत राहिले पाहिजे, असे त्यामुळेच वारंवार सांगितले जाते. परंतु नेमके कशाबाबत अद्ययावत राहायचे, या प्रश्नाचे उत्तर वेबच्या तीन दशकांहून अधिक काळाच्या इतिहासातच शोधावे लागते.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि १९९१ साली ते जगासाठी खुले झाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबची मूळ आज्ञावली कोणतेही शुल्क न आकारता सर्वांना वापरण्यास दिली, आणि १९९४ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही वेबची प्रमाणके ठरवणारी संस्था स्थापन झाली. प्रमाणक म्हणजे सर्व ब्राउझरांनी एकाच सूचनेचा एकच अर्थ लावावा यासाठी सर्वसंमतीने लिहिलेला नियम. आजचे बहुतेक प्रत्येक पान तीन भाषांच्या सूचनांवर उभे असते: एचटीएमएल ही भाषा मजकुरातील कोणता भाग शीर्षक आहे, कोणता परिच्छेद आणि कोणता दुवा हे सांगते, सीएसएस ही भाषा त्या भागांनी कसे दिसावे हे सांगते, आणि ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली घडवलेली जावास्क्रिप्ट ही भाषा वाचकाच्या कृतीला पानाने कसा प्रतिसाद द्यावा हे ठरवते. अर्थ, रूप आणि वर्तन यांची ही विभागणी दिसायला साधी असली, तरी पुढील काळातील जवळजवळ प्रत्येक वादाचे मूळ तिच्यात आहे.

होकॉन व्हिउम ली यांनी सीएसएसचा प्रस्ताव १९९४ साली मांडला आणि त्याची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६मध्ये प्रमाणक म्हणून मान्य झाली. पण त्या काळातील ब्राउझर ती अपुरी आणि परस्परविसंगत रीतीने राबवत असत. त्यामुळे आकर्षक मांडणी हवी असणाऱ्यांनी आकडेवारीसाठी असलेल्या तक्त्यांचा आधार घेतला, आणि १९९६ सालच्या डेव्हिड सिगल यांच्या एका गाजलेल्या पुस्तकाने अदृश्य तक्ते आणि डोळ्यांना न दिसणारी चित्रे वापरून पान बांधण्याच्या युक्त्यांना मोठी प्रसिद्धी दिली. डोळ्यांना ही पाने सुरेख दिसत, परंतु त्यांच्या कोडमध्ये मजकुराचा अर्थ हरवलेला असे. दृष्टिहीन वाचकासाठी पान मोठ्याने वाचून दाखवणारी स्क्रीन रीडर ही आज्ञावली अशा तक्त्यांत अडखळत असे, आणि रचना बदलायची म्हटली की शेकडो पाने हाताने पुन्हा लिहावी लागत. १९९८ साली सुरू झालेल्या वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट या चळवळीने ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांकडे प्रमाणके पाळण्याचा आग्रह धरला, आणि २००३ साली डेव्ह शे यांनी सीएसएस झेन गार्डन हे संकेतस्थळ उभारून एचटीएमएलचे एकही अक्षर न बदलता, केवळ सीएसएस बदलून, एकच पान अनेक वेगवेगळ्या रूपांत नटू शकते हे दाखवून दिले.

याच काळात फ्लॅश या तंत्राने वेगळा मार्ग घेतला. हलती चित्रे, ध्वनी आणि खेळ यांसाठी ते अतिशय सोयीचे होते आणि अनेक संस्थांनी आपली संपूर्ण संकेतस्थळे त्यातच बांधली. मात्र ते वेबचे प्रमाणक नव्हते, एका कंपनीच्या मालकीचे होते आणि चालण्यासाठी ब्राउझरला वेगळी पुरवणी जोडावी लागत असे. २००७ साली आलेल्या आयफोनने त्याला थारा दिला नाही, हळूहळू एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीत चित्रफीत आणि ध्वनी यांची अंगभूत सोय झाली, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने फ्लॅशचे पाठबळ संपवले. त्या तंत्रात बांधलेली असंख्य पाने त्यानंतर सामान्य ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. आपल्या काळात ही पाने मागासलेली मुळीच नव्हती, उलट अत्याधुनिक मानली जात होती. तरी ती टिकली नाहीत.

मराठी वाचकाला हाच धडा स्वतःच्या लिपीच्या इतिहासात अधिक जवळून दिसतो. १९९०च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे अनेक मराठी संकेतस्थळांवरचा मजकूर संगणकाच्या दृष्टीने मराठी नव्हताच. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या सांकेतिक जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले फॉन्ट वापरले जात. म्हणजे पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी संगणकाच्या स्मृतीत एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असे. प्रत्येक फॉन्टची ही मांडणी वेगळी असल्यामुळे तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या वाचकाला निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. फॉन्ट आपोआप उतरवून घेणारी तंत्रे आली, पण तीही ठरावीक ब्राउझरांपुरतीच चालत. शोधयंत्राला असा मजकूर सापडत नसे, स्क्रीन रीडरला तो वाचता येत नसे आणि तो उचलून दुसरीकडे नेला की त्याचा चुराडा होत असे.

यावरील उपाय तोपर्यंत अस्तित्वात आलेला होता. जगातील सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणकाची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरीचा समावेश होता. ती मांडणी इस्की या भारतीय प्रमाणकाच्या १९८८ सालच्या आवृत्तीवर आधारलेली होती. विंडोज २०००सारख्या संगणकप्रणालींनी देवनागरी युनिकोडला आधार दिल्यावर हे प्रमाणक सामान्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचू लागले, आणि १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासारख्या प्रकल्पांनी त्याची उपयुक्तता सिद्ध केली. युनिकोडमध्ये लिहिलेले तेव्हाचे मराठी लेख आजच्या भ्रमणध्वनीवरही कोणत्याही खटपटीशिवाय वाचता येतात, तर जुन्या फॉन्टांत अडकलेला मजकूर रूपांतर केल्याशिवाय वाचता येत नाही. ज्यांनी दिसण्यापेक्षा अर्थाची जपणूक केली, त्यांचे लेखन उरले.

यानंतरचे मोठे स्थित्यंतर भ्रमणध्वनीने घडवले. ठरावीक रुंदीच्या पडद्यासाठी आखलेली पाने हातातल्या लहान पडद्यावर बारीक आणि अवाचनीय दिसू लागल्यावर काही संस्थांनी भ्रमणध्वनीसाठी वेगळी संकेतस्थळे काढली. परंतु मे २०१०मध्ये इथन मार्कोट यांनी एका लेखात निराळा विचार मांडला. पडद्याच्या रुंदीनुसार प्रमाणात आकसणारी मांडणी, तिच्याबरोबर लहानमोठी होणारी चित्रे, आणि रुंदी पाहून सीएसएसचे नियम बदलणाऱ्या अटी या तीन गोष्टी एकत्र आणल्या, तर एकच पान सर्व पडद्यांवर नीट बसू शकते, असे त्यांनी दाखवले आणि या पद्धतीला रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे प्रतिसादक्षम रचना, असे नाव दिले. मार्च २०१७मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांत ग्रिड ही सीएसएसची जाळीवजा मांडणीपद्धती आली, आणि ज्या कामासाठी दोन दशकांपूर्वी तक्ते राबवले जात होते ते काम आता प्रमाणकानुसार आणि थोडक्या ओळींत होऊ लागले.

या क्षेत्रात सर्वाधिक दमछाक होते ती मात्र फ्रेमवर्क आणि लायब्ररी यांच्यामुळे. नेहमी लागणारी कामे सोपी करणारे आयते कोड, असा त्यांचा स्थूल अर्थ सांगता येईल. २००६ साली जेक्वेरी आली, २०१० साली अँग्युलरजेएस, २०१३ साली रिअ‍ॅक्ट आणि २०१४ साली व्ह्यू; यांपैकी अँग्युलरजेएसचे अधिकृत पाठबळ तर २०२१च्या अखेरीस संपलेही. ही साधने निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही, पण त्यांचे खरे कार्य समजून घेतले पाहिजे. ब्राउझरमध्ये जी सोय अजून नाही ती ती साधने तात्पुरती पुरवतात, आणि ती सोय मोलाची ठरली की कालांतराने प्रमाणकातच सामावली जाते. पानातील घटक सहज निवडण्याची जेक्वेरीची पद्धत याच वाटेने ब्राउझरचा अंगभूत भाग झाली. ज्याने केवळ जेक्वेरी शिकली त्याला नवे साधन आल्यावर पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, पण ज्याने तिच्याखालची जावास्क्रिप्ट समजून घेतली त्याचे ज्ञान वाया गेले नाही.

दिसण्याच्या आणि साधनांच्या चर्चेत एक जबाबदारी मात्र नेहमी मागे ढकलली जाते, ती म्हणजे सुगम्यता. दृष्टी, श्रवण, हालचाल किंवा आकलन यांत मर्यादा असलेल्या व्यक्तीलाही संकेतस्थळ वापरता यावे, यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची पहिली आवृत्ती १९९९ साली, दुसरी २००८ साली आणि तिची २.२ ही सुधारित आवृत्ती ऑक्टोबर २०२३मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील अपेक्षा व्यवहार्य आहेत: सामान्य आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, अर्थपूर्ण चित्राला शब्दांत वर्णन जोडलेले असावे, आणि माउसवाचून केवळ कळफलकावर सर्व काम करता यावे. भारतात ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. त्यामुळे सुगम्यतेचा विषय आता औदार्याचा राहिलेला नाही, तर हक्काचा झाला आहे.

मराठी संकेतस्थळांपुढे याहून वेगळ्या, लिपीशी निगडित अशाही जबाबदाऱ्या आहेत, आणि इंग्रजीतील प्रचलित शिफारशी जशाच्या तशा उचलल्याने त्या पार पडत नाहीत. रोमन अक्षरांत शोभेसाठी अक्षरांमधील अंतर वाढवले जाते. देवनागरीत तेच केल्यास शिरोरेषा तुटते. वेलांट्या, मात्रा आणि उकार ओळीच्या वर-खाली जागा घेत असल्यामुळे दोन ओळींमधील अंतर अधिक ठेवावे लागते. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि निवडलेल्या फॉन्टमध्ये दुसऱ्या शब्दातील रफाराच्या त्या खास रूपाची सोय नसेल, तर शब्द मोडून दिसतो. पानाची भाषा मराठी आहे, अशी एका शब्दाची सूचना एचटीएमएलमध्ये दिली की स्क्रीन रीडरला योग्य आवाज निवडता येतो आणि तशी तरतूद असलेल्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे उमटतात. तरीही ही सूचना देण्याकडे दुर्लक्ष होते, किंवा तिच्या जागी इंग्रजीचे नाव तसेच राहून जाते.

मग अद्ययावत राहण्याची शिस्त कशी असावी? पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक नव्या वैशिष्ट्याविषयी ते किती ब्राउझरांत चालते हे तपासणे. २०२३ सालापासून यासाठी बेसलाइन ही सोपी खूण उपलब्ध झाली आहे: एखादे वैशिष्ट्य प्रमुख ब्राउझरांत पोहोचले की ते नव्याने उपलब्ध मानले जाते आणि त्यानंतर ३० महिने उलटले की सर्वत्र उपलब्ध समजले जाते. दुसरी गोष्ट म्हणजे स्टीव्हन चॅम्पियन यांनी २००३ साली मांडलेली क्रमिक समृद्धीची पद्धत, जिच्यानुसार आधी साध्या एचटीएमएलवर चालणारे पान तयार करायचे आणि मग सक्षम ब्राउझरांसाठी त्यावर रूप आणि वर्तन यांचे थर चढवायचे, म्हणजे वरचा थर निखळला तरी मजकूर शाबूत राहतो. तिसरी गोष्ट म्हणजे मोजमाप. पानातील सर्वांत मोठा दृश्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा आणि वाचकाच्या कृतीला २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा, ही गूगलने ठरवलेली मापे तपासताना महागड्या यंत्रावर न थांबता स्वस्त भ्रमणध्वनीवर आणि मंद जोडणीवरही चाचणी घेतली, तरच खरी स्थिती कळते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता मागाल तसे कोड लिहून देतात, परंतु ती जुन्या कोडवरून शिकलेली असल्यामुळे कालबाह्य पद्धतीही तितक्याच आत्मविश्वासाने पुढे ठेवतात. त्यांतील योग्य काय हे ओळखण्यासाठीही प्रमाणकांचेच ज्ञान लागते.

तक्त्यांच्या मांडणीपासून फ्लॅशपर्यंत आणि जुन्या मराठी फॉन्टांपासून विस्मरणात जाणाऱ्या फ्रेमवर्कांपर्यंत सर्वत्र एकच निष्कर्ष निघतो: ज्या कोडमध्ये मजकुराचा अर्थ खुल्या प्रमाणकानुसार लिहिलेला असतो ते टिकते, आणि केवळ दिसण्यासाठी बांधलेले त्या दिसण्याबरोबरच संपते. महाराष्ट्रातील ग्रंथालये, नियतकालिके, शाळा आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी नवे संकेतस्थळ बनवून घेताना रंगसंगती ठरवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: मजकूर युनिकोडमध्ये आहे का, पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली आहे का, आणि दृष्टिहीन वाचकाला ते वाचता येते का? सर्नने पुन्हा उपलब्ध करून दिलेले जगातील पहिले संकेतस्थळ साध्या एचटीएमएलमध्ये लिहिलेले आहे, आणि ते आजच्या कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते.