सिम्युलेटरमधला आवाज खरा कधी म्हणायचा?

विमानाच्या सिम्युलेटरमधले आवाज कसे सुधारावेत, हा आजचा विषय. तत्त्वज्ञानाच्या मंडळींचं इथे काय काम, असं कुणाला वाटेल. पण आवाज ऐकून आपण काहीतरी ओळखतो, म्हणजे अनुमान करतो; आणि अनुमान आलं की आमचं काम आलंच.

उदाहरण म्हणून आपण ‘फ्लाइटगिअर’ घेऊ. त्याची कल्पना १९९६ साली मांडली गेली, पहिली आवृत्ती १९९७ मध्ये आली. स्वयंसेवकांनी तो उभा केला आणि जीपीएल परवान्याखाली खुला ठेवला. त्यामुळे तो फुकट तर मिळतोच, शिवाय त्याची आतली रचना उघडून कुणालाही बदलता येते. आवाजसुद्धा.

इथे विमानाच्या आवाजांची एक एक्सएमएल फाइल असते. फाइल म्हणजे काय, तर साध्या अक्षरांत लिहिलेली यादी. कोणतं ध्वनिमुद्रण वाजवायचं, एकदाच की अखंड, कोणत्या अटीवर, आणि त्याचा जोर व उंची कोणत्या राशीप्रमाणे बदलायची, हे तिच्यात लिहिलेलं असतं. इंजिनाचे फेरे, वेग, चाकं टेकली की नाही, अशा राशी सिम्युलेटर सतत मोजत असतो. तेव्हा मुद्रण हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा म्हणजे मुद्रणाचा त्या राशींशी जोडलेला संबंध. सुधारणा करताना आपण बहुधा पहिल्याच अर्ध्यात अडकतो.

इंजिनापासून सुरुवात करू. फ्लाइटगिअरमधल्या सेसना १७२ या छोट्या विमानाला चार सिलिंडर आणि दोन पात्यांचा प्रोपेलर आहे. मिनिटाला २४०० फेरे म्हणजे सेकंदाला ४०. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला ८० स्फोट. पाती दोन, म्हणून हवेला फटकेही ८०. दोन्ही एकाच कंपनसंख्येवर येतात. आपल्या मुद्रणाचा मूळ सूर या आकड्याशी जुळतो का, हे आधी तपासावं.

आता फेरे वाढले की तेच मुद्रण जोरात फिरवायचं, हा सोपा उपाय. पण कॅसेट जोरात फिरवली की गाणाऱ्याचा आवाज कसा चिरका होतो, आठवतंय ना? तेच इथे होतं. फेरे वाढतात, पण धुराच्या नळीची लांबी काही कमी होत नाही. तिचा घुमारा आहे तिथेच राहायला हवा. म्हणून तीन-चार वेगवेगळ्या वेगांवरची मुद्रणं घ्यावीत आणि एक मंद होताना दुसरं वर येईल असं करावं. शिवाय अखंड वाजणाऱ्या तुकड्याचा शेवट सुरुवातीला बेमालूम जुळला पाहिजे. ठेक्याचं आवर्तन समेवर चुकलं तर कानाला जसं खटकतं, तसा इथे दर वेळी ‘टक्’ असा खटका येतो.

बाहेरून विमान पाहताना डॉप्लर परिणाम येतो. १०० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ५१ मीटर. ध्वनीचा वेग ३४० मीटर धरला, तर ८० कंपनांचा सूर विमान जवळ येताना सुमारे ९४ आणि लांब जाताना सुमारे ७० ऐकू येतो. हे गणित ओपनएएल ही ध्वनिप्रणाली करते. पण आवाजाला अवकाशात जागा द्यायची तर मुद्रण मोनो लागतं. स्टिरिओ मुद्रण ती जागेवर बसवत नाही. पुष्कळ वेळा आवाज ‘डोक्यातच’ वाजतो, त्याचं कारण एवढंच असतं.

आता महत्त्वाचं. सेसना १७२ च्या पुष्कळ विमानांत स्टॉलचा इशारा विजेवर चालत नाही. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक असतं. पंख हवेशी जास्त कोन करू लागला की तिथला दाब घटतो, हवा ओढली जाते आणि आतली पट्टी वाजते. आपल्या पेटीतल्या सुरांचीच जात. पंखाची उचल जाण्यापूर्वी, साधारण ५ ते १० नॉट आधी, ती बोलू लागते.

समजा, कुणी हा आवाज वेगाशी जोडला: ५५ नॉटच्या खाली गेलं की वाजव. सरळ उडताना हे अगदी बरोबर वाटेल. पण ६० अंश कलून, उंची राखून वळण घेतलं, तर स्टॉलचा वेग १.४१ पट होतो. ५० चे जवळजवळ ७१ नॉट होतात. तिथे पंख निकामी होईल आणि इशारा मात्र गप्प! कारण स्टॉल कोनावर ठरतो, वेगावर नाही. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नी ओळखतो तो व्याप्तीच्या बळावर: जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी. ‘जिथे स्टॉल जवळ, तिथे वेग कमी’ ही व्याप्ती खरी नाही. या वळणाने ती मोडते, आणि तिच्यावर उभा केलेला इशाराही तिथेच मोडतो. मुद्रण कितीही सुंदर असो, जोडणी खोटी आहे.

यात बिघडतं काय? प्रत्यक्ष उड्डाणाचे तास महाग असतात. ज्याला ते परवडत नाहीत, तो घरी बसून कान तयार करतो. गप्प राहणारा इशारा त्याला शिकवतो की वळणात धोका नाही. आणि उतरण्याआधी, जमिनीजवळच्या वळणावर झालेला स्टॉल सावरायला उंचीच उरत नाही. कानाला लागलेली सवय विचारून येत नाही आणि सांगून जातही नाही.

म्हणून क्रम असा ठेवू. आधी संबंध तपासायचा: आवाज कशामुळे होतो, आणि आपण तो कशाला जोडलाय? मग मुद्रण सुधारायचं. आणि मुद्रण आपलं स्वतःचं किंवा मोकळ्या परवान्याचं हवं. विकत घेतलेल्या दुसऱ्या सिम्युलेटरमधून उचललेला आवाज कितीही छान असला, तरी तो इथे वाटून टाकण्याचा हक्क आपल्याला नसतो.

बरं, आता प्रश्न घेऊ या.