जातिवंत कुत्र्याची पारख

शिनोलीहून बेल्ह्याच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी नुसत्या रंगावर भुलत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, खांद्यावर हात फिरवतो आणि शेवटी बैल चालवून पाहतो. औताला काय लागते हे त्याला ठाऊक असते, म्हणून काय पाहायचे हेही त्याला ठाऊक असते. कुत्र्याची पारख याहून निराळी नाही. आधी काम समजून घ्यावे, मग अंगाकडे वळावे.

इंग्लंडात वाढलेली पॉइंटर ही जात घ्या. हिचे काम सावज पकडण्याचे नव्हे, दाखविण्याचे. वाऱ्यावरून पक्ष्याचा गंध आला की हा कुत्रा जागच्या जागी थिजतो. नाक, पाठ आणि शेपूट एका रेषेत येतात, बहुधा पुढचा एक पाय उचललेला राहतो. म्हणून त्याच्या नाकपुड्या रुंद हव्यात, आणि मान अशी हवी की डोके उंच ठेवून धावता यावे.

आता आपल्या दख्खनचा कारवान पाहा. सोलापूर, सांगलीपासून कर्नाटकातील मुधोळपर्यंत हा आढळतो. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कॅरावॅन हाउंड म्हणतो, तर २००५ सालच्या टपाल तिकिटावर त्याचे नाव मुधोळ हाउंड असे आहे. हा नाकापेक्षा डोळ्यावर शिकार करणारा. उघड्या माळावर ससा दिसला की त्यामागे सुटायचे, एवढेच त्याचे काम. म्हणून डोके लांब व निमुळते, डोळे मोठे, छाती खोल आणि पोट खपाटीला गेलेले. खोल छातीत फुप्फुसांना व हृदयाला जागा मिळते. कमरेवरची किंचित कमान धनुष्यासारखी वाकते व सुटते. भरधाव वेगात प्रत्येक झेपेला दोनदा चारही पाय जमिनीपासून सुटतात. लांब शेपूट वळणावर तोल सांभाळते. याच्या शेवटच्या फासळ्या दिसतात, तेव्हा शहरातील माणसाला तो उपाशी वाटतो. पण हाच कुत्रा गुटगुटीत झाला, तर तो बिघडला असे समजावे.

पारख करताना कुत्रा आधी बाजूने, मग समोरून व मागून पाहावा. खांद्याचे हाड तिरपे असावे. ते उभे असेल तर पाऊल आखूड पडते. छाती पिंपासारखी गोल असेल तर ढोपरे बाहेर फेकली जातात. बोटे फाकलेली असतील तर खडकाळ जमिनीवर पाय टिकत नाहीत. मग त्याला चालवावे आणि दुडक्या चालीने पळवावे, कारण उभे असताना झाकलेला दोष चालीत उघडा पडतो.

इंग्लंडात १८५९ साली न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन भरले. त्यात पॉइंटर व सेटर या दोनच जाती होत्या, आणि निवाडा नुसत्या अंगावर होता. पुढे सहाच वर्षांत, १८६५ साली, बेडफर्डशायरमध्ये याच जातींची रानातील कसोटी घ्यावी लागली. रूप पुरेसे नाही, हे जाणत्यांना लवकरच उमगले असावे.

आपल्यापुढचा पेच याहून अवघड आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले. पण ज्या कामाने कारवानचे अंग घडवले ते काम संपल्यावर निवाडा कशावर करायचा? कारखान्याच्या दारावर भरतीच्या वेळी कामगाराची छाती फितीने मोजताना मी पुष्कळदा पाहिले आहे. यंत्रापाशी त्याचा हात कसा चालतो, हे त्या फितीला कळत नाही. निव्वळ मापावर कुत्री निवडली तर चार पिढ्यांत नाव कारवानचे उरेल आणि दम जाईल.

उपाय साधा आहे. सावजाऐवजी ओढत्या चिंधीमागे कुत्र्यांना पळवता येते. वेग, वळण आणि दम तिथेही दिसतो. राखणीचे व शोधाचे काम देऊन पाहता येते. भारतीय सैन्याने २०१६ साली मुधोळची पिल्ले चाचणीसाठी मेरठला नेली ती याच हेतूने. आणि ज्या धनगरांनी व शेतकऱ्यांनी ही जात पिढ्यान् पिढ्या राखली, त्यांना परीक्षकाच्या शेजारी खुर्ची द्यावी. माप कागदावर लिहिता येते, पण ते ठरविण्याचा हक्क काम जाणणाऱ्यांचा आहे.