मधुमेही व्यक्तीचा आहार व कुटुंबाची भूमिका : खानदेशच्या संदर्भात

प्रस्तावना :
मधुमेह एका व्यक्तीस होतो, मात्र त्याचे पथ्य संपूर्ण कुटुंबाच्या स्वयंपाकघरात सांभाळले जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' अभ्यासाच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी व्यक्ती मधुमेहग्रस्त, तर १३.६ कोटी व्यक्ती मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. औषधयोजना डॉक्टर ठरवितात. ताटात काय पडते हे मात्र घर ठरविते.

खानदेशी आहार :
जळगाव व धुळे जिल्ह्यांतील पारंपरिक आहार मधुमेहास सर्वस्वी प्रतिकूल आहे, हा समज योग्य नाही. कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद दळलेले असतात. त्यातील प्रथिने व तंतुमय घटकांमुळे रक्तातील साखर तुलनेने सावकाश वाढते. वांग्याचे भरीतही पथ्यास चालते. तेलाचा हात तेवढा आवरावा लागतो. बट्टी मात्र उकडून पुन्हा तळली जाते आणि ती मोजून खाण्याची पंगतीत रीत नाही. जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. केळे संपूर्णतः वर्ज्य नाही. परंतु अतिपक्व केळे साखर लवकर वाढविते. लहान केळे घ्यावयाचे असल्यास त्या वेळी भाकरी वा भात कमी करणे इष्ट होय.

कुटुंबाची भूमिका :
खरी कसोटी आखाजीस लागते. लेकी माहेरी येतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो. अशा दिवशी वडीलधाऱ्यांना वेगळे ताट वाढणे म्हणजे त्यांना पंगतीतून उठविणेच. दुसरीकडे 'आज जराशी चालते' असा आग्रह होतो. आणि या 'जराशी'ला खानदेशात माप नसते. पहारा वाढला की चोरून खाणे सुरू होते. त्याचा परिणाम केवळ नैतिक नाही. मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी दर्शविणारी 'एचबीए१सी' चाचणी वाढलेली दिसते, कारण डॉक्टरांना सांगितले जात नाही आणि औषधाची मात्रा वाढते. पुढे एखाद्या दिवशी तीच व्यक्ती कमी जेवली, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून अर्धी पोळी सर्वांसमक्ष, भात वगळून वाढणे अधिक हितावह ठरते.

एकादशीसारख्या उपवासाबाबतही हेच लागू पडते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्टमय असल्याने साखर वाढवितो. तर इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेऊन निरंकार राहिल्यास ती घसरते. उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला आवश्यक होय. घाम, थरथर, गोंधळलेपण जाणवल्यास आणि साखर ७० मिलिग्रॅमपेक्षा खाली असल्यास पथ्य बाजूस ठेवून सुमारे तीन चमचे साखर पाण्यात द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. व्यक्ती बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

रुग्ण घरातील स्त्री असेल तर प्रश्न अधिक अवघड होतो. सर्वांसाठी रांधणारी, सर्वांनंतर जेवणारी आणि उरलेले वाया जाऊ नये म्हणून खाणारी तीच असते. तिला आधार कोणी द्यावयाचा, हा विचार क्वचितच होतो. जेवणापूर्वीचे इन्सुलिन घेऊन ती वाढप उरकेपर्यंत थांबली, तर साखर उतरण्याचा धोका असतो. अशा घरात तिचे ताट ठरलेल्या वेळी, प्रसंगी पुरुषांच्याही आधी वाढले जाणे हा औषधोपचाराचाच भाग होय.