गल्लीची रुंदी

पुण्यात बंगला विकायला काढला की बिल्डरचा पहिला प्रश्न बंगल्याबद्दल नसतो. तो विचारतो, "समोरचा रस्ता किती मीटरचा?" मी आर्किटेक्ट आहे. नकाशे काढून महापालिकेत मंजुरीला नेणं हे माझं रोजचं काम, आणि राहतेही सहकारनगरच्या एका गल्लीत, सासऱ्यांनी बांधलेल्या बंगल्यात. शेजारच्या तिघा भावांनी त्यांचा प्लॉट विकसनाला द्यायचं ठरवलंय. तेव्हापासून गल्लीत दोन तट पडलेत. सगळं भांडण मजल्यांवरून चाललंय, रस्त्याबद्दल कुणी बोलत नाही. मला ते बोलायचंय, कारण मजले ठरतात ते रस्त्यावरूनच.

आधी या वसाहतीविषयी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठचं पुणं उद्ध्वस्त झालं. घरं गेलेल्यांना सरकारने जागा दिल्या, त्यांनी सहकारी सोसायट्या केल्या. अशा बऱ्याच सोसायट्यांत जमीन संस्थेच्या नावावर असते. सभासदाला प्लॉट भाडेपट्ट्याने मिळतो आणि त्यावरचं घर त्याच्या मालकीचं. म्हणून बंगला पाडून अपार्टमेंट उभं करायचं तर संस्थेची ना-हरकत लागते आणि प्रश्न सर्वसाधारण सभेत येतो. आमच्याकडेही तो तसाच आला.

आता नियम. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने मुंबई वगळता बहुतेक शहरांसाठी एकच नियमावली आणली, युडीसीपीआर. गावठाणाबाहेरच्या भागात तिच्यात मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येईल तो आकडा, १.१ आहे. रस्ता नऊ मीटरहून अरुंद असला तर साधारण तेवढ्यावरच थांबायचं. रस्ता नऊ मीटरचा झाला की त्यावर पालिकेकडे पैसे भरून ०.५ आणि टीडीआर विकत घेऊन ०.४ मिळतो, बेरीज २. टीडीआर म्हणजे ज्याची जमीन रस्त्याला किंवा बागेला गेली त्याला मिळालेला बांधकामाचा हक्क. तो विकता येतो आणि दुसऱ्या प्लॉटवर वापरता येतो. याशिवाय जिने, बाल्कन्या, लॉबी अशा गोष्टींसाठी घरबांधणीत आणखी साठ टक्क्यांपर्यंत क्षेत्र मिळतं, तेही पैसे भरून.

शेजारचा प्लॉट पाचशे चौरस मीटरचा धरा. आमची गल्ली सहा मीटरची. आजच्या नियमाने तिथे ८८० चौरस मीटर बांधता येईल, म्हणजे खाली पार्किंग आणि वर चार मजले. गल्ली नऊ मीटरची झाली तर तोच आकडा १६०० होतो, आणि पार्किंगवर सात मजले चढतात. हिशोब ढोबळ आहे, पण फरक जवळजवळ दुपटीचा आहे, आणि तो दोन्ही बाजूंच्या कुंपणांतून प्रत्येकी दीड मीटर पट्टी गेल्याने पडतो. पुण्यात २०२० मध्येच सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला होता, तेव्हाही नागरिकांच्या संघटना विरोधात उभ्या राहिल्या. अग्निशमनाची गाडी वळायला हवी, हे रुंदीकरणाच्या बाजूचं कारण मला पटतं. पण वाढलेल्या तीन मीटरवर दोन्हीकडे मोटारी उभ्या राहिल्या तर गाडीला वाट कुठली मिळणार?

सभेत समोरच्या काकांनी विचारलं, "आमच्या गच्चीवरच्या सोलरचं काय?" प्रश्न अगदी खरा आहे. खिडकीतून वीस वर्षं विनाअडथळा येणाऱ्या उजेडावर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने हक्क मिळतो. पण त्यासाठी दिवाणी कोर्टात जायचं, आणि उजेड बऱ्याच प्रमाणात घटला हे दाखवायचं. पंचाहत्तरीच्या माणसाने हे कधी करायचं? बांधकाम परवानगीच्या वेळी शेजाऱ्याला बोलावून त्याचं ऐकावं अशी पायरीच नाही. प्लॉटमधला आंबा तोडायचा तर १९७५ च्या कायद्याने जाहीर सूचना द्यावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. ही तरतूद उत्तम आहे. शेजारच्या घरासाठीही तशी हवी, असं मला मनापासून वाटतं.

त्या तिघा भावांवर मात्र अन्याय नको. छत गळतं, वरच्या मजल्यावरचे दादा गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत, लिफ्ट बसवायला जागा नाही. एक घर तिघांत वाटायचं कसं? "आम्ही काय बंगल्याची राखण करत मरायचं?" असं धाकट्या वहिनी सभेत म्हणाल्या, तेव्हा कुणाकडे उत्तर नव्हतं. आणि ज्या जागेत दोन म्हातारी माणसं राहतात तिथे आठ कुटुंबं राहू शकली तर ते शहराच्या हिताचंच आहे. शाळा, मंडई, बसथांबा सगळं चालत गाठता येतं. नव्या लोकांना वाघोलीच्या पलीकडे ढकलून इथल्या गल्ल्या शांत ठेवायच्या, हे मला मान्य नाही. "फ्लॅटवाले आले की वातावरण बिघडतं" हे वाक्य सभेत दोनदा आलं. दोन्ही वेळा मी उठून हरकत घेतली.

म्हणून माझं म्हणणं असं: चार मजल्यांना ना-हरकत द्यावी आणि गल्ली सहा मीटरचीच राहावी. रस्त्याची नवी रेषा आखण्याआधी पालिकेला हरकती-सूचना मागवाव्या लागतात. आपण बोलायचं ते तिथे. भूमिपूजनाचा मांडव पडल्यावर बोलून उपयोग नाही. गल्लीत बावीस प्लॉट आहेत. एकाला सात मजल्यांची वाट मिळाली की उरलेल्या एकवीस जणांनाही ती मिळणार, आणि खालची ड्रेनेज लाइन बंगल्यांच्या काळातली आहे. हिशोब एकेका प्लॉटचा न करता सगळ्या गल्लीचा एकत्र करायला हवा.

ठरावाचा मसुदा मी लिहून सेक्रेटरींना दिला आहे. त्यात चार गोष्टी मागितल्यात: ड्रेनेज लाइन बदलण्याचा खर्च बिल्डरने उचलावा; बोअर मारण्याआधी शेजारच्या बोअरची पातळी मोजून ठेवावी; पाया खणण्यापूर्वी आमच्या भिंतींचे फोटो काढून त्यावर बिल्डरच्या आणि आमच्या सह्या घ्याव्यात; आणि नव्या फ्लॅटधारकांना संस्थेत मत किती, हे आधीच लिहून ठरवावं. शेवटच्या मुद्द्यावर धाकट्या वहिनींनी दुरुस्ती सुचवली आहे: प्रत्येक फ्लॅटला एक मत. मी तिला अनुमोदन देणार आहे.