गाडी गार असतानाच बघा

जुनी गाडी बघायला जायचं ठरलं की विकणाऱ्याला फोनवर एकच विनंती करावी : मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात टेकवावा. ते कोमट लागलं तर ‘आत्ताच पेट्रोल भरून आणली’ हे कारण ऐकून घ्यावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावं. इंजिनाची बरीच दुखणी गार असतानाच ऐकू येतात. तापल्यावर ऑइल सगळीकडे पोचलेलं असतं, धातू प्रसरण पावून फटी कमी झालेल्या असतात. सकाळी खडखडणारं इंजिन दुपारी अगदी शहाण्यासारखं वागतं.

गाडी सुरू करताना बरोबरच्या माणसाला सायलेन्सरमागे उभं करा. थंडीतली पांढरी वाफ थोड्या वेळात विरते, तिची काळजी नको. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येतोय आणि कुलंटची पातळी उतरलेली आहे, तर हेड गॅसकेट गेल्याचा संशय घ्यावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सुरू करताच एक भपका येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्हचे सील. चालवताना येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा, म्हणजे इंजिन खोलणं आलं. ऑइलचं झाकण काढून आत बघा. चहावरच्या सायीसारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरलं असावं. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत नुसत्या बाष्पानेही असा थर धरतो, म्हणून डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ आहे का ते पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

आपल्याकडे मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती पुरातल्या गाडीची. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, 2021 च्या जुलैत चिपळूण. पाण्यात गेलेली गाडी धुऊन-पुसून, नवे सीटकव्हर घालून दुसऱ्या जिल्ह्याच्या बाजारात उभी राहू शकते. वासावर विसंबू नका, अत्तराची बाटली स्वस्त मिळते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. गुंडाळलेल्या भागावर गढूळ पाण्याची रेघ राहते, तिथं साफसफाईवाल्याचा हात सहसा पोचत नाही. डिक्कीत स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात चिखल आहे का पाहा. सीटखालच्या रुळांवर गंज असेल तर सरळ नमस्कार करून निघा. अशी गाडी आज उत्तम चालेलही. पण वायरिंगच्या जोडांत गंज हळूहळू चढतो, मग आज पॉवर विंडो, उद्या सेन्सर, असं काम निघतच राहतं.

चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, डॅशबोर्ड बघा. एअरबॅग आणि इंजिनाचे दिवे आधी लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू केल्यावर विझले पाहिजेत. एखादा दिवा लागलाच नाही, तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

मीटरवरच्या किलोमीटरवर मी कधीच भरवसा ठेवत नाही. त्यापेक्षा टायर वाचा. कडेवर चार आकडे असतात : 3219 म्हणजे 2019 च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. मीटर 25 हजार दाखवतंय आणि चारही टायर पासिंगनंतर तीन वर्षांनी बनलेले, तर पहिले इतक्या लवकर झिजले कसे, हे विचारायला हवं. टायर एकाच कडेने झिजला असेल तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा गाडी कुठे तरी चांगलीच आदळलीय. दारावरचा पोचा किरकोळ. बॉनेट उघडून फेंडरच्या बोल्टवरचा रंग पान्याने खरवडलेला दिसला, तर आत डेंटिंगचं मोठं काम झालंय का ते शोधावं.

स्पीडब्रेकरवर खडखड आली तर ते लिंक रॉड नाही तर बुश असतात, खर्च बेताचा. क्लच फार वर सुटत असेल तर प्लेट संपत आलीय. या गोष्टी भाव पाडायला उपयोगी. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्यासाठीचा फॉर्म 35 मागा. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी.

शेवटी गाडी आपल्या ओळखीच्या गॅरेजात नेऊन लिफ्टवर चढवा. फिटरला त्याचे पैसे द्या आणि विकणाऱ्याला चहाला बाहेर न्या, म्हणजे फिटरला मोकळेपणाने बोलता येईल. गॅरेजपर्यंत यायलाच विकणारा तयार नसेल, तर किंमत त्याने कितीही उतरवू दे, दुसरी गाडी बघावी.